दुष्काळापून दुखणारं पोट

झरीत तानुबाईच्या गिरणीच्या वजनात कुणी खोट काढली न्हाई, आन् तिच्या तोंडाला लागायची तर कुणाची छातीच झाली न्हाई. नवरा मेला तवा गाव म्हणालं, बाईमाणसाला पट्टा चढवता येतो का? तिनं पट्टा चढवला, झिजल्या दगडाला छिन्नीनं टाकीबी स्वतःच लावली. अठ्ठ्याऐंशी साली तिनं गिरणीशेजारी मिरची कांडायचं यंत्र बसवलं. चैतात पेडगावपून बाया यायच्या, शिंकत, डोळे पुसत रांगेत बसायच्या. ज्वारीच्या दळणावर रोजचं भागायचं, पण वर्ष निघायचं ते मिरचीच्या दोन महिन्यांवर.

त्याच साली बन्सीधर गुरुजींनी तिला आजारपणाचा विमा गळ्यात मारला. गुरुजी शाळेत शिकवायचे आन् विम्याची एजन्सी बायकोच्या नावानं चालवायचे. दळण घेऊन आले आन् पीठ निघंस्तोवर इंग्रजीतला फारम भरून मोकळे झाले. तिला नाव इचारलं, वय इचारलं, सहीची जागा दावली. बाकीच्या रकान्यांत आपल्याच मनानं 'नाही, नाही' लिहीत गेले. काय लिवायलाव म्हणून तिनं इचारलं, तर म्हणले, कंपनीची रीत हाय, तुमी पीठ बघा.

हप्ता तिनं एकदाबी चुकवला न्हाई.

एक्क्याण्णवच्या पौषात तिच्या पोटात उजव्या अंगाला कळ उठली आन् दोन दिवसांत बाई आडवी झाली. लेक सुमननं तिला एसटीत घालून परभणीच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणले, अपेंडिक्स हाय, आजच कापावं लागंल, तीन हजार पडतील. कापायच्या आधी त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरनं कागद धरून इचारलं, "मावशी, पोट कधीपासून दुखतंय?"

आता आमच्याकडं ह्या सवालाला तारीख कुणी सांगत न्हाई. दुखणं मुळापून सांगायचं. वैद्यापुढं पोट झाकू नये, ही तानुबाईच्या आईची शिकवण. तवा ती कण्हत कण्हत म्हणाली, "बाहत्तरच्या दुष्काळात पाझर तलावावर माती वाह्यली, बाबा, तवापून दुखायलंय."

त्यानं तसंच्या तसं लिहून घेतलं.

घरी सोडायच्या दिवशी बिल आलं साडेसात हजाराचं. भूल देणाऱ्याचे वेगळे, तो नांदेडहून आला त्या गाडीचे वेगळे, सुमन खाली फरशीवर निजली तिचेबी वेगळे. सुमननं हुज्जत घातली, तर काउंटरवरचा म्हणला, तीन हजार नुसते कापायचे, बाकीचं कुणी बोललं होतं का? भरल्याबिगर सोडणार न्हाईत, ह्येबी त्यानं सांगून टाकलं.

पालमचा चन्नप्पा यंत्रांचा व्यापारी, शब्दाचा पक्का. कांडपाच्या यंत्रावर त्यानं पैसे दिले आन् मुदत सांगितली पाडव्याची. विम्याचे पैसे आले तर यंत्र जिथल्या तिथं, न्हाई तर टेम्पो येईल. तानुबाई बेफिकीर होती. तीन वर्षं हप्ते का उगंच भरले?

पाडव्याला आठ दिवस असताना कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. गुरुजींनी वाचलं, घडी घातली, परत उघडलं. मग खाली बघत सांगितलं की आजार बाहत्तरपासूनचा हाय, विमा घेताना तो लपवला, एक रुपया मिळणार न्हाई.

दुसऱ्या दिवशी ती कंपनीच्या परभणीच्या हापिसात जाऊन बसली. साहेबानं दवाखान्याच्या कागदावर बोट ठेवलं.

"लपवलं आसतं तर तुमाला घावलं आसतं का?" ती म्हणाली. "कंबर, मान, गुडघं, समदंच तवापून दुखायलंय. आतडं सुजलं पौषात. त्याचा दुष्काळाशी काय संबंध?"

साहेब म्हणला, हे फारमात लिहायचं होतं. फारम तुमच्याच माणसानं भरला, ती म्हणाली. साहेबानं थंडपणानं सांगितलं, की फारम भरताना एजंट तुमचा माणूस धरतात, सही तुमची हाय.

"हप्ता न्यायला तुमचा, आन् चुकायला माझा व्हय?"

साहेबानं घंटी वाजवून चहा मागवला. स्वतःपुरता.

पाडव्याला टेम्पो आला. फरशी फुटू नये म्हणून नटबोल्ट तिनंच सोडले.

पंधरा दिवसांनी गुरुजी ज्वारीचा डबा घेऊन आले, काखेत विम्याचे नव्या सालाचे फारम. दळणाला दहा-बारा बाया बसलेल्या. तानुबाईनं मोटर बंद केली.

"गुरुजी, फारम वाचा. मराठीत. मोठ्यानं."

गुरुजी म्हणले, नंतर बघू. तिनं त्यांच्या डब्यावर हात ठेवला. वाचल्याबिगर दळण न्हाई. मग त्यांनी घसा खाकरून वाचलं, की आधीचं काही दुखणं आहे का.

"सांगा गं," ती बायांकडं वळली.

पार्वतीबाईची कंबर तिसऱ्या बाळंतपणापून. सत्यशीलाला धाप, कापूस येचायला लागल्यापून. एकीचं डोकं सासू लाभल्यापून, त्यावर सगळ्या हसल्या. गुरुजींचं पेन काही हलंना.

"लिवा की. समद्यांच्या नावापुढं 'हो' लिवा."

"'हो' लिहिलं तर कंपनी घेत नाही," गुरुजी बोलून गेले.

आता कुणी हसलं न्हाई.

"म्हंजे तुमाला ठावं व्हतं," तानुबाई म्हणाली आन् त्यांचा डबा तिनं उंबऱ्याभाईर नेऊन ठेवला. मोटर चालू केली.

तवापून गुरुजी सायकलीला डबा बांधून दळायला पेडगावला जातात. मिरची घेऊन झरीच्या बायाबी तिकडंच जातात. तानुबाईचं यंत्र चन्नप्पानं तिथंच विकलंय.