भाऊंनी धुऊन पुसून ठेवलेला आवाज

लतिकाला भाऊ पहिल्यांदा दिसले ते कमरेपासून खाली. वरचा भाग टेबलाखाली होता, आणि टेबलाखाली इतक्या वायरी होत्या की अर्ध्या देवासला वीज पुरली असती. "भाऊ आहेत का?" असं तिनं विचारताच खालून एक हात बाहेर आला आणि त्यानं तिला गप्प केलं. नुसतं तिलाच नाही. त्या हाताच्या इशाऱ्यावर पंखा थांबला, स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी गिळून बसला आणि बाहेर आग्रा रोडवरचे ट्रकसुद्धा पाय न वाजवता गेले, असं ती पुढे आपल्या गावी, धारला, शपथेवर सांगायची. तीन मिनिटं कुणी श्वास घेतला नाही. मग कानांवर आमटीच्या वाट्यांएवढे हेडफोन आणि मिशीत कोळिष्टक घेऊन पन्नाशीचा एक गृहस्थ टेबलाखालून उगवला आणि म्हणाला, "झालं. खोलीची शांतता रेकॉर्ड करत होतो. बोला ताई."

हे भाऊ मूळचे सांगलीकडचे. देवासच्या एका कारखान्यात वीस वर्षं तयार माल तपासायचं काम त्यांनी केलं. दोन हजार साली स्वेच्छानिवृत्ती घेतली, एक कॉम्प्युटर आणला आणि पुढच्या खोलीच्या भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवून तिला स्टुडिओ म्हणायला सुरुवात केली. सुनेत्रावहिनींनी ते ट्रे तीन दिवस उन्हात टाकले, वर गोमूत्र शिंपडलं आणि मगच घरात घेतले. भाऊ भजनी मंडळांच्या सीड्या करून देत, निवडणुकीत रिक्षावरून ओरडायचा मजकूर भरून देत. माल तपासायची सवय मात्र गेली नव्हती. कुठल्याही आवाजाला ते आधी कान लावत, मग नापास करत.

लतिकानं पिशवीतून चार कॅसेटी काढून टेबलावर ठेवल्या. "माझे वडील आहेत यात," ती म्हणाली.

धारला ती शिक्षिका होती. तिचे वडील बापूसाहेब, म्हणजे संस्थानच्या देवघराचा कारभार पाहणाऱ्या घरातले शेवटचे. त्या घरात नवरात्राच्या नऊ रात्री देवीपुढे नऊ पदं म्हणायची रीत होती, आणि ती कुठं लिहून ठेवायची नाहीत अशी सक्त ताकीदही होती. एकानं तोंडानं सांगायची, दुसऱ्यानं कानानं घ्यायची. सहा पिढ्या हे चाललं. सातवी पिढी म्हणजे लतिका. ती हिंदी शाळेत शिकली, हिंदी शाळेत शिकवू लागली आणि "घेऊ पुढच्या वर्षी" म्हणत चाळिशीला आली. श्रावणात इंदूरच्या डॉक्टरांनी बापूसाहेबांच्या घशात बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी स्वरयंत्र काढायचं. माणूस राहील, आवाज राहणार नाही. त्या आठवड्यात बापूसाहेब टेपरेकॉर्डरसमोर पाट मांडून बसले आणि खोकत, थांबत, पाणी पीत नऊच्या नऊ पदं म्हणाले. त्यानंतर त्यांचा आवाज उतरत गेला तो गेलाच. कुजबुज तेवढी उरली.

"घरघर फार आहे," लतिका म्हणाली. "स्वच्छ करून सीडीवर पाहिजे."

"दुसरी कॉपी काढून ठेवलीत?"

"नाही."

"उत्तम केलंत. कॉपीत माल उतरतो."

अंगावर काटा यावा असं हे वाक्य होतं. पण भाऊ ते इतक्या प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले की लतिकाला धीर आला. वहिनींनी पोहे दिले, वर शेव घातली, आणि ती चार वाजताच्या बसनं परतली. पिशवी रिकामी होती.

पंधरा दिवसांनी ती गेली तेव्हा कॅसेटी कॉम्प्युटरमध्ये भरून झाल्या होत्या. "ऐका," म्हणत भाऊंनी कळ दाबली. विहिरीच्या तळाशी कुणीतरी मोठा दगड सरकवतंय असा आवाज खोलीभर पसरला. एकेक अक्षर जांभई देत बाहेर येत होतं. वहिनी दारात आल्या आणि पदराखाली हात घेऊन उभ्या राहिल्या.

"हे बाबा नाहीत," लतिका म्हणाली.

"तेच आहेत. मशीन सेकंदाला चव्वेचाळीस हजार नमुने घेतं. उघडताना या बाईसाहेब बावीसच हजार धरून चालल्यात. म्हणून दुप्पट हळू." बाईसाहेब म्हणजे सॉफ्टवेअर. "सेटिंगचा लफडा आहे, दुसरं काही नाही." त्यांनी एक आकडा बदलला, फाईल पुन्हा आत घेतली, आणि खोलीत बापूसाहेब आले. खणखणीत, थोडे चिडलेले, मध्येच "सरला, दार लाव" म्हणणारे. सरला ही लतिकाची आई, जाऊन चार वर्षं झाली होती. आजारी माणसाच्या तोंडून नाव निसटलं होतं. लतिकानं मान खाली घातली. भाऊंनी हेडफोन काढून ठेवले आणि बराच वेळ उगीचच माऊसपॅड पुसला.

त्या दिवसापासून काम त्यांच्या अंगात शिरलं. प्रत्येक खोकला त्यांनी कात्रीनं कापावा तसा वेगळा काढला. तेवढे खोकले एकत्र करून अकरा सेकंदांची एक चाचणी फाईल केली, ती रीतसर बाहेर काढली, म्हणजे आवाजासकट वेगळ्या फाईलीत उतरवली, आणि सीडीवर वाजवून पाहिली. ती उत्तम वाजली. बेचाळीस तुकड्यांत नऊ पदं जुळली.

अष्टमीच्या संध्याकाळी भाऊंनी "सेव्ह" दाबलं. चार कॅसेटभर माणूस अर्ध्या सेकंदात साठवला गेला. इथं कुणालाही शंका यायला हवी होती. भाऊ म्हणाले, "मशीन फास्ट आहे." ती फाईल त्यांनी सीडीवर चढवली, त्याच कॉम्प्युटरवर उघडली, तर पहिल्या पदापासून शेवटपर्यंत सगळं व्यवस्थित वाजलं. त्यांनी धारला फोन केला. "ताई, माल पास. दसऱ्याला घेऊन जा."

सीडीवर जे गेलं होतं ती नुसती यादी होती. कुठला तुकडा कुठून घ्यायचा, कुठं जोडायचा, एवढंच तिच्यात. लग्नाच्या पत्रिका छापून झाल्या की वऱ्हाड आलं असं समजण्यापैकी हा प्रकार. आवाज, कॅसेटींवरून भरलेल्या मूळ फाईलींसकट, अजून कॉम्प्युटरच्या पोटात, "टेम्पररी" नावाच्या कप्प्यात होता.

दुसरा दिवस खंडेनवमीचा. भाऊंच्या घरी आजोबांच्या तलवारीपासून वहिनींच्या विळीपर्यंत सगळी हत्यारं त्या दिवशी पूजेला बसत. पूजेचा नियम कडक: हत्यार आधी धुऊन पुसून, आतून बाहेरून स्वच्छ करायचं, गंजका सुरा देवासमोर ठेवला तर वर्षभर हाताला यश नाही. आता भाऊंचं हत्यार कॉम्प्युटर. सकाळी आंघोळ करून सोवळं नेसून त्यांनी तो उघडला, ब्रशनं पंख्यातली धूळ काढली, पडदा ओल्या फडक्यानं पुसला. आणि मग आतली स्वच्छता. तात्पुरतं म्हणून जे जे साचलं होतं ते त्यांनी भक्तिभावानं काढून टाकलं. कचऱ्याची टोपली रिकामी केली. वर्षभराचा गाळ निघाला म्हणून त्यांना हलकं वाटलं.

पाटावर मांडणी सुरेख झाली. खाली चार कॅसेटी, कारण तोही कामाचा भाग, त्यांच्यावर मोठा स्पीकर, लोहचुंबकाची पाठ खाली करून, नीट बसावा म्हणून, बाजूला माईक. सगळ्यांना गंध, अक्षता, झेंडूचं फूल. दसऱ्याची पूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून कुणी लावला नाही. आख्खा दिवस आणि आख्खी रात्र तो स्पीकर त्या कॅसेटींवर बसून होता. वहिनींनी जाता येता हात जोडले.

दसऱ्याला दुपारी लतिका आली. बापूसाहेबांना इंदूरला दाखल करून ती तशीच बस धरून आली होती. तिनं भाऊंच्या हातावर आपट्याची पानं ठेवली, वहिनींना वाकून नमस्कार केला.

"ऐकूनच जा," भाऊ म्हणाले. वहिनींच्या प्लेयरमध्ये सीडी घातली. ती फिरली, थबकली, आणि बाहेर आली.

"प्लेयर जुना आहे," भाऊ म्हणाले. त्यांनी कॉम्प्युटर लावला. पडद्यावर एक चौकोन आला: फाईल सापडत नाही. त्यांनी तो बंद केला. दुसरा आला. मग तिसरा. लतिका उभी राहून मोजत होती. बेचाळीस झाल्यावर यायचे थांबले.

भाऊंच्या कपाळावरचं गंध घामानं भिवईपर्यंत उतरलं. काय झालं ते त्यांना कळलं होतं. "काल मी साफ केलं," ते म्हणाले.

"काय साफ केलं?"

"सगळंच."

"कॅसेटी आहेत ना पण," वहिनी म्हणाल्या, आणि तिघांनी एकदम पाटाकडे पाहिलं. भाऊंनी स्पीकर उचलला. त्याच्या चुंबकाला एका कॅसेटीचे स्क्रू चिकटून तीही थोडी वर उचलली गेली आणि टपकन खाली पडली. वीस वर्षं माल तपासलेला तो माणूस त्या कॅसेटीकडे पाहत राहिला.

चारही कॅसेटी त्यांनी लावल्या. नुसती खरखर; चुंबकानं फिती पुसून टाकल्या होत्या. फार लांब, नदीच्या पलीकडून कुणी हाक मारावी तसं काहीतरी एकदा वाटलं, पण ते कुठलं पद हे कुणाला सांगता आलं नसतं. कॉम्प्युटरवर वाजणारी एकच फाईल उरली होती. लतिकानं ती लावायला सांगितली. अकरा सेकंद बापूसाहेब खोकले.

"ताई, मला शिव्या द्या," भाऊ म्हणाले.

"मला इंदूरची बस पकडायची आहे," लतिका म्हणाली.

ती पोचली तेव्हा बापूसाहेब पलंगावर ताठ बसले होते. त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि कुजबुजत विचारलं, "त्या गृहस्थांनी काम नीट केलं ना? आपण त्यांना मानाचं पान पाठवलं पाहिजे."

"हो बाबा. फार स्वच्छ केलं," लतिका म्हणाली.

सकाळी साडेसातला त्यांना आत नेलं.

खरं तिनं तीन महिन्यांनी सांगितलं. तोवर बापूसाहेब पाटीवर खडूनं लिहून बोलायला शिकले होते. त्यांनी पाटीवर "बरं" लिहिलं, बोटानं पुसलं. तिनं पाटी पुन्हा त्यांच्यापुढे सरकवली आणि पदांचे नुसते शब्द तरी लिहा म्हणून विनवलं. त्यांनी खडू घेतला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, "ती लिहायची नसतात."

बापूसाहेब त्यानंतर नऊ वर्षं जगले. लतिकाला अडीच पदं येतात.