एक बाळंतपण कमी

बंगळूरच्या नर्सिंग होस्टेलमध्ये मी तीन वर्षांहून जास्त राहिले. तेवढ्या काळात "जेवलीस का गं?" असं मला एकदाही कुणी विचारलं नाही. विचारायचं कारणच नव्हतं म्हणा. घंटा व्हायची, सगळ्याजणी खाली मेसमध्ये जायच्या, पानात नाचणीचा वाफाळता गोळा पडायचा. तो तिथे चावत नाहीत, सारात बुडवून गिळतात. पहिल्या दिवशी मी भाकरीसारखा चावायला गेले आणि तो टाळूला चिकटून बसला. समोरच्या मुलींची हसून हसून मुरकुंडी वळली. मीही हसले आणि वर खोलीत जाऊन रडले. भाकरीसाठी रडतेय असं मी स्वतःला सांगितलं.

मी निपाणीकडची. मॅट्रिक झाले तशी लग्नाला उभी राहिले, आणि विसावं लागायच्या आत टायफॉइडने नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. सासरी कुणी छळ केला नाही, उगाच खोटं कशाला बोलू. फक्त घरात काही शुभ असलं की मला आत बसायला सांगत. धाकट्या जावेच्या पहिल्या खेपेला कळा सुरू झाल्या तेव्हा मला मागच्या दाराने गोठ्यात पाठवलं. बाळ रडल्याचं मी म्हशीशेजारी उभी राहून ऐकलं. बाळ बघायला मिळालं ते बारशानंतर, तेही लांबून. त्याच वर्षी तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी थोरल्या भाऊजींना गाठून माझं नर्सिंगचं सुचवलं. भाऊजी माणूस वाईट नव्हे, पण व्यवहारी. म्हणाले, "परीक्षेपर्यंत जा. पास झालीस, सरकारी नोंदणी झाली, तर तुझी तू मोकळी. नाही झाली तर मुकाट्याने घरी यायचं. पुन्हा विषय काढायचा नाही."

साठ-एकसष्टची ही गोष्ट. परीक्षा पास होऊन नर्सिंग कौन्सिलात नाव नोंदलं गेलं की नोकरी मिळायची, राहायला खोली मिळायची. नाही तर तो गोठा होताच. मी अभ्यास केला तो त्या गोठ्याच्या भीतीने. माणसाची सेवा वगैरे मोठ्या गोष्टी पुढे सुचल्या.

एक गोष्ट मात्र मला पहिल्याच आठवड्यात आवडली. आमच्या इस्पितळाचा नियम कडक होता. ड्यूटीवर हातात बांगडी नको, कपाळाला काही नको, अंगात पांढरे कपडे. गावात माझं कपाळ लांबूनही ओळखू यायचं. इथे सगळ्यांचीच कपाळं मोकळी. चांगल्या घरच्या लग्नाळू मुली रोज सकाळी हौसेने पांढरं नेसून, मोकळ्या हातांनी निघायच्या आणि मी त्यांच्यातलीच एक असायची. माझं काय झालंय हे मी तिथे कुणाला सांगितलंच नाही. कुणी विचारलंही नाही.

न विचारण्याचं कारण भाषा. केरळच्या मुली एकत्र असायच्या, तमिळ मुली एकत्र, म्हैसूरकडच्या कन्नड मुली एकत्र. मला कन्नड येत होतं, पण ते आमच्या सीमेकडचं, रांगडं. मी तोंड उघडलं की म्हैसूरवाल्या एकमेकींना कोपर मारायच्या. मराठी बोलणारं आमच्या वर्गात कुणी नव्हतं. शहरात मराठी माणसं होती. शिवाजीच्या बापाच्या वेळेपासून तिथे राहिलेली घरंच्या घरं होती म्हणतात. पण ती आपापल्या घरात. मला त्यांच्या घरात कोण नेणार होतं?

परीक्षा जवळ आली तशा मुली जोड्या करून एकमेकींना प्रश्न विचारू लागल्या. पुस्तकं इंग्रजी, तोंडी परीक्षाही इंग्रजीत. मला जोडीदार नव्हती. मी गच्चीवर जायची. तिथे इस्पितळाच्या चादरी वाळत असायच्या. एक चादर समोर धरून मी स्वतःलाच मराठीत विचारायची, "सांगा बाई, बाळ झाल्यावर वार पडायला उशीर झाला तर काय कराल?" आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. चुकलं की मराठीतून स्वतःला शिव्या. एकदा आमच्या ट्यूटर सिस्टर वर आल्या तेव्हा मी चादरीला वाकून "थँक यू, मॅडम" म्हणत होते. त्या आल्या पावली खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात मात्र माझ्याकडे जरा जास्तच मायेने बघत होत्या.

अभ्यास झाला होता. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. सुईणपणाच्या परीक्षेला बसायचं तर ठरलेल्या आकड्याइतकी बाळंतपणं आपल्या हाताने केलेली असावी लागत. लेबर वॉर्ड एक आणि मुली ढीगभर, म्हणून पाळ्या लावलेल्या असत. आपल्या पाळीची केस आपली. ती हुकली तर पुन्हा सगळ्यांच्या मागे. शेवटच्या महिन्यात माझं एक बाळंतपण कमी होतं. तेवढं झालं नाही तर नाव पुढच्या परीक्षेला ढकललं जाणार, आणि पुढची परीक्षा भाऊजींच्या बोलीत बसत नव्हती.

माझी पाळी आली आणि एक बाई कण्हत आत आली. बरोबर तिची आई. आईने खुर्ची ओढली आणि लेकीला म्हणाली, "पाठीला उशी घेतेस का गं राणी?"

मराठी! तीन वर्षांची उपाशी होते मी. धावत जाऊन म्हटलं, "मी देते उशी, काकू." काकूंना ब्रह्मानंद झाला. कुठली तू, कुणाची, आडनाव काय, निपाणीत अमुक वकील माहीत आहेत का. मी घडाघडा बोलत सुटले. मराठी माणसाने मराठी माणसाला विचारायचे सगळे प्रश्न झाले, मग तो एक राहिलेला प्रश्नही आला. "आणि मालक काय करतात?"

मी खरं सांगितलं. खोटं बोलायचं सुचलंच नाही, इतकी मी सुखात होते.

काकू लेकीकडे वळल्या. उशी नीट करत राहिल्या. थोड्या वेळाने मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाळ, तुझ्यावर राग नाही हं. पण हिची दोन गेलीत. माझा जीव थाऱ्यावर नाही. दुसरी कुणी येते का बघ ना." त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले, पण रागाने. दोन मुलं गेली तेव्हा मी तिथे होते का? वॉर्डच्या सिस्टरकडे गेले, पोटात दुखतंय म्हटलं. केस पुढच्या मुलीला गेली आणि मी रांगेच्या शेवटी. बाळ सुखरूप झालं. काकूंना वाटलं असेल, बरं झालं सांगितलं ते.

त्यानंतर रोज सकाळी लेबर वॉर्डबाहेरच्या फळ्यावर पाळ्या बघायची आणि मनातल्या मनात दिवस ढकलायची. रात्री झोप लागत नसे. परीक्षेसाठी नावं पाठवायची वेळ अगदी तोंडावर आली तेव्हा माझी पाळी पुन्हा आली. एका दुपारी पहिलटकरीण आली. अगदी पोरसवदा, गोरी, घाबरलेली. बरोबर ठेंगणी, चटपटीत आई. तिने माझ्याशी फर्डं कन्नड बोलून सगळं सांगितलं आणि मग लेकीकडे वळून म्हणाली, "स्वल्प सरक गं अक्का, सिस्टरला जागा दे."

मराठीच, इथल्या जुन्या घरांतलं, कन्नड मिसळलेलं. मी हातातला ट्रे खाली ठेवला. एक क्षण वाटलं, बोलावं. मग तो गोठा आठवला. मी कन्नडमधूनच विचारलं, कळा केव्हापासून येतायत?

ती सबंध दुपार मी मराठी ऐकत होते आणि कळत नसल्यासारखी वावरत होते. आई लेकीला धीर देत होती, बारशाला कुणाकुणाला बोलवायचं ते ठरवत होती, जावयाच्या आईची नक्कल करत होती. नक्कल इतकी हुबेहूब की मला हसू दाबायला खिडकीकडे तोंड करावं लागलं. मग ती माझ्याबद्दल बोलू लागली, माझ्यासमोरच. "हात बघ कसा हलका आहे या पोरीचा. पण किती गप्प गं. घरी आई नसेल हिला." मी नाडी मोजत होते. आकडा चुकला, पुन्हा मोजली.

कळा वाढल्या तशी आईला बाहेर पाठवलं. सिस्टर माझ्या पाठीशी उभ्या होत्या. डोकं बाहेर आलं आणि दिसलं की नाळेचा वेढा गळ्याभोवती आहे. वेढा सैल होता, बोटाने डोक्यावरून काढता आला असता, पण तेवढा वेळ बाईने जोर करायचा नाही. मी कन्नडमधून सांगितलं. सिस्टरनी सांगितलं. तिच्या कानात काही शिरेना. एवढ्या दुखण्यापुढे घराबाहेरची भाषा टिकत नाही. ती "आई, आई गं" करत होती आणि जोर लावत होती.

मी तिच्याकडे वाकले आणि हळूच म्हटलं, "थांब गं. आता जोर नको. तोंडाने श्वास घे. मी आहे ना."

तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. आणि थांबली. वेढा निघाला, मुलगी झाली, रडली. सिस्टर म्हणाल्या, चांगलं केलंस. मी काय बोलले ते त्यांना कळलं नव्हतं. बाहेर येऊन मी नव्या आजीला कन्नडमधून सांगितलं, मुलगी आहे, दोघी ठीक आहेत. तिने माझे दोन्ही हात धरून आपल्या कपाळाला लावले.

घरी जायच्या दिवशी आजीने पिशवीतून करंडा काढला. वॉर्डात काम करणाऱ्या आयांना, शेजारच्या बायकांना हळदीकुंकू लावत ती माझ्यापर्यंत आली. मी मागे सरले. तोंडापर्यंत शब्द आले होते, मला नको, मला चालत नाही. ते कन्नडमधूनही सांगता आलं असतं. तेवढ्यात खाटेवरून लेक म्हणाली, "लाव गं आई. तिला आपलं कळत नाही, तू आपली लाव." बोलताना ती सरळ माझ्याकडे बघत होती.

आजीच्या बोटाचा थंडगार स्पर्श झाला. मी हात धुवायच्या खोलीत गेले, आरशात बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग ड्यूटीचा नियम म्हणून स्पिरिटच्या बोळ्याने पुसून टाकलं. गावी माझं कुंकू चार बायकांनी मिळून पुसलं होतं. हे मी माझ्या हाताने पुसलं, आणि तरीही रडू आलं.

परीक्षा झाली. तोंडी परीक्षेला समोरच्या मॅडमनी वारेचाच प्रश्न विचारला आणि मी चादरीला दिलं होतं तेच उत्तर दिलं. निकाल लागला त्या दिवशी मुली आयांच्या गळ्यात पडत होत्या. ज्यांच्या आया लांब होत्या त्या एकमेकींच्या. मी गच्चीवर गेले. "पास झाले," असं मराठीत मोठ्यानं म्हटलं आणि खाली आले. पुढे कौन्सिलात नाव नोंदलं गेलं, बॅज मिळाला, त्याच इस्पितळात नोकरी लागली. भाऊजींना कळवलं. त्यांनी दिलेला शब्द पाळला, त्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. राहायला एक खोली मिळाली. तिथे तर जेवणाची घंटाही नव्हती.

दोन-अडीच वर्षं गेली. एका दुपारी लेबर वॉर्डमध्ये शिरले तर खाटेवर तीच गोरी मुलगी, आता अंगाने भरलेली, आणि शेजारी तीच ठेंगणी आई. आईने मला लगेच ओळखलं आणि कन्नडमध्ये सुरू झाली. मी बॅज नीट केला. माझी नोकरी आता कुणी काढून घेणार नव्हतं. तरी बॅज पुन्हा एकदा चाचपला.

"मावशी," मी मराठीत म्हटलं, "मला मराठी येतं. तेव्हाही येत होतं. आणि मी विधवा आहे. तेव्हाही होते. तुम्हाला दुसरी कुणी हवी असेल तर आत्ता सांगा, मी पाठवते."

आजीचं तोंड उघडंच राहिलं. तिने लेकीकडे बघितलं. लेक म्हणाली, "मराठीचं मला माहीत होतं, आई. हिनेच मला थांबवलं होतं."

"मग बोलली का नाहीस गं तेव्हा?" आजीने मला विचारलं.

"बोलले असते तर तुम्ही दुसरी मागितली असती. माझी परीक्षा गेली असती."

मी तसं मागितलं नसतं, असं काही ती म्हणाली नाही. त्याबद्दल मला ती अजून आवडते. ती बराच वेळ माझ्या कपाळाकडे बघत राहिली, जिथे तिने बोट टेकवलं होतं तिथे. मग लेकीच्या उशाशी ठेवलेला डबा उचलून मांडीवर घेतला आणि झाकण काढू लागली.

"सरी, बरं," ती म्हणाली. "जेवलीस का गं तू?"

मी नुकतीच जेवून आले होते. नाही जेवले, म्हणाले.