जस्ताचा उपमा

माझे सासरे महिनाभरातच कतारला कंटाळले. रत्नागिरी ओलांडून पुढे, देवगडकडच्या खाडीत ज्याचा जन्म गेला, त्या माणसाला आम्ही तिथल्या मुऐदर भागातल्या एका व्हिलाच्या मागच्या पोर्शनमध्ये आणून ठेवलं होतं. खिडकीतून दिसायची ती शेजारच्या व्हिलाची भिंत आणि तिच्यावरचा एसी.

"हय काय करू मी? भिंतीचो रंग बघीत बसू?" त्यांनी एका सकाळी चहा पिता पिता विचारलं. "जावईबापू, माका तिकीट बदलून देवा."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिची आई गेल्यापासून बाबा गावच्या घरात एकटे. तीन महिन्यांचा व्हिसा काढून तिने त्यांना आणलं ते मोठ्या खटपटीने. ते असे अर्ध्यात परत गेले तर पुन्हा कधीच येणार नाहीत, हे तिला माहीत होतं आणि मलाही. ती स्वयंपाकघरात मला दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, काहीतरी करा. तुम्ही नेहमी करता तसलं नको. खरंच काहीतरी."

मी सांगलीकडचा माणूस. मासा मला ताटात भेटलेला. तरी शुक्रवारी त्यांना गाडीत घालून उत्तरेकडच्या किनाऱ्यावर नेलं. तिथे माणसं गळ टाकून उभी होती आणि बाबांचा चेहरा एकदम जागा झाला. घरी आल्या आल्या त्यांनी बॅग उघडली आणि लुंगीत गुंडाळलेली एक वस्तू काढली. तारेने बांधलेले मऊ दगडाचे दोन तुकडे, आत कोरलेले खळगे. शिशाच्या गोळ्या ओतायचा साचा. गळाच्या दोरीला लावायच्या वजनांचा. त्यांच्या वडिलांनी कोरलेला. माणूस परदेशात येताना पापड आणतो, लोणचं आणतो. यांनी दगड आणला होता.

"बाबा, दुकानात तयार मिळतात की," मी म्हणालो.

"दुकानातली गोळी गोल. पाण्याच्या वढीत गडगडत जाता. ही चपटी, रेतीत बसता." मग माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून, "तुमका काय म्हायत. विहिरीतले तुमी."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण त्या आठवड्यात मी एक व्हिडिओ पाहिला होता. गाडीच्या चाकांना बॅलन्सिंगसाठी जी छोटी वजनं ठोकतात ती शिशाची असतात, फुकट मिळतात, वितळवा आणि ओता. व्हिडिओ किती जुना आहे ते बघायचं मला सुचलं नाही. मी छाती काढून म्हणालो, "शिसं मी आणतो."

कोपऱ्यावरच्या टायरवाल्याने विचारलंही नाही कशाला. कचऱ्यातला डबा पुढे ढकलला आणि म्हणाला, "यल्ला, ले जाओ." एवढ्या सहज मिळणाऱ्या गोष्टीत काहीतरी खोट असते, हे पंधरा वर्षं गल्फमध्ये काढूनही मला कळू नये?

घरी बायकोने एकच सूचना दिली. "बाहेर फोनवर कुणाला हिंदीत सांगू नका की आम्ही घरी गोळ्या बनवतोय. नुसती उठाठेव."

मागच्या अंगणात शेगडी मांडली, वर जुनं पातेलं. "जुनं" हे माझं मत. बायकोचं वेगळं निघालं. डबा ओतला. थोडं काहीतरी लगेच वितळलं, चांदीसारखं चमकलं आणि बाबा आणि मी खूश झालो. बाकीचा ढीग मात्र त्याच्यावर तरंगत राहिला, शिळ्या भज्यांसारखा.

"शिसं तरंगतं का हो?" मी विचारलं.

"मळ असतलो. जाळ वाढवा."

वाढवला. ढीग तसाच.

"आजून वाढवा! लोखंड असला तरी वितळतला!"

मला जरा शंका येत होती, पण माझ्या शंकेच्या वर व्हिडिओ आणि व्हिडिओच्या वर त्यांचा अनुभव बसला होता. शेगडी पूर्ण सोडली. हळूहळू ढीग खचला आणि पातेल्यात करडा, गुठळ्यांचा, ढवळला की थबथबणारा एक पदार्थ तयार झाला. माझी मुलगी दारातून डोकावली. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये.

"पप्पा, इज इट उपमा?"

"घरात जा," मी म्हणालो.

"ह्या काय शिजवलास जावईबापू?" सासरे म्हणाले. म्हणजे आता ते मी एकट्याने शिजवलं होतं. जाळ वाढवा कोण म्हणालं, हा विषय खलास.

आता शहाण्या माणसाने शेगडी बंद केली असती. मी डाव भरला आणि साच्यात ओतला.

टक्.

अगदी छोटा आवाज. साच्याच्या एका तुकड्यावर वरपासून खालपर्यंत चीर गेली आणि आम्ही बघत असताना त्याचे दोन झाले. उपम्याची धार जमिनीवर पसरली.

बाबांनी शेगडी बंद केली. ते खुर्चीवर बसले. मी रात्रीच्या जेवणापर्यंत मोबाइलवर वाचत बसलो आणि तेव्हा कळलं की हल्ली ही वजनं बहुतेक जस्ताची करतात. जस्ताला शिशापेक्षा कितीतरी जास्त जाळ लागतो, थोडंसं शिशात पडलं तरी सगळ्याची लापशी होते. हे ज्ञान सकाळी मिळालं असतं तर एक साचा, एक पातेलं आणि माझी उरलीसुरली अब्रू वाचली असती. एक गोळी मात्र कशीबशी झाली होती. बाबांनी ती तळहातावर उडवून पाहिली. "पापडासारखी हलकी," ते म्हणाले. "माझ्या बापाशीचो साचो."

बायको माझ्याशी बोलेना. मी विमान कंपनीचं पान उघडून तिकीट बदलायच्या तारखा बघू लागलो.

सकाळी अंगणातून खरखर आवाज आला. बाबा बांधकामातला उरलेला पांढरा दगड मांडीवर घेऊन बसले होते आणि हातात माझा सगळ्यात चांगला स्क्रूड्रायव्हर होता. टोक वाकलेलं.

"बाबा, तो स्क्रूड्रायव्हर—"

"ह्यो दगड बरो आसा. गावच्यापेक्षा मऊ." त्यांनी भुकटी फुंकली, ती माझ्या ऑफिसच्या शर्टावर आली. "साचो होऊक वेळ लागतलो. तिकीट ऱ्हवांदे."

आत बायकोने चहाचं आधण ठेवलं, आणि कितीतरी वेळाने मला हाक मारली, "अहो, साखर घालू ना?" मला हायसं वाटलं. फक्त क्षणभर.

"आणि जावईबापू," मागून आवाज आला, "शिसा हाडा. खरा. दुकानातल्यो तयार गोळ्यो हाडा, वितळवया."

"बाबा, तयार गोळ्या विकत आणायच्या, वितळवायच्या आणि परत गोळ्या करायच्या?"

"गोल नको ना माका."

तर मी आता मासेमारीच्या दुकानात उभा आहे. दुकानदार हिंदीत विचारतोय, कोणता मासा, कोणतं वजन, किनाऱ्यावरून की बोटीतून?

"कोई भी चलेगा," मी म्हणतो. "बस, जल्दी पिघलना चाहिए."