साडेअकराचं कार्ड

तुला सांगतो, कारण आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. वडिलांना नाही, मित्रांना नाही, कागदावर तर नाहीच. आणि मी कागदावर काय काय लिहीत असतो, ते तुला माहीत आहे.

मी अक्षरं पत्रकांवरून शिकलो. वडील वाळूजला कंपनीत होते. बजाजनगरच्या आमच्या खोलीत पुस्तक एकही नव्हतं, पण कंपनीच्या गेटवर वाटून उरलेल्या युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली असायचे. 'आंबा'च्या आधी मला 'अन्याय' वाचता आला. अशा घरात वाढलेल्यानं — थांब, आधी गाडीचं सांगू दे. त्याशिवाय कळायचं नाही.

जालना रोडवरच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये मी काउंटरवर होतो. गाडी घेऊन आलेला माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो, किती वेळ लागेल? आम्ही म्हणायचो, चार तास. खरं सांगू? नेहमीच्या सर्व्हिसिंगला हाताचं काम दीड-दोन तासांचं. ऑइल बदलायचं, फिल्टर बदलायचे, चाकं उतरवून ब्रेक साफ करायचे, एक चक्कर मारून बघायची, धुवायची. बाकीचा वेळ गाडी नुसती उभी असते. कशाची वाट बघत? कार्डाची. गाडीचं काय काय करायचं ते मी एका कार्डावर लिहायचो, आणि ते हातात पडल्याशिवाय मेकॅनिकनं बॉनेट उघडायचं नाही, असा नियम. कार्ड किती वाजता दिलं, ती वेळही मीच टाकायची.

रफिकभाई तिथले सगळ्यांत जुने मेकॅनिक. माझ्यासोबत जेवायला बसणारे ते एकटेच. बाकीचे माझ्या भाषणांना कंटाळून दुसरीकडं डबा उघडायचे. रफिकभाई ऐकून घ्यायचे आणि डब्यातला अर्धा खिमा माझ्याकडं सरकवायचे. "ओ लेखक, क्रांती आली की उठवा मला. तवर खा."

त्या शुक्रवारी पिशोरचे एक गुरुजी बायकोला घेऊन आले आणि नऊला गाडी लावून बाकावर बसले. तीन वाजता त्यांच्या घरी पोरीला बघायला पाहुणे येणार होते. मी म्हटलं, चार तास, एकला निघाल. त्याच दिवशी संध्याकाळी मला गुलमंडीवरच्या छापखान्यात एका पत्रकाचा मजकूर द्यायचा होता. कंत्राटी कामगारांचं पत्रक. पहिली ओळ मनासारखी जमत नव्हती. गुरुजींचं कार्ड लिहून झालेलं होतं — आणि माझ्या त्या कागदांखाली पडलेलं होतं.

साडेअकराला रफिकभाई हात पुसत आले. "लेखक, गुरुजींची गाडी घेऊ का?" मी म्हटलं, थांबा, देतो. बाराला पुन्हा आले. मी मान वर न करता नुसता हात दाखवला. साहेब लोक दाखवतात तसा. एकला म्हणाले, "नमाजला जाऊन येतो, कार्ड तेवढं काढून ठेवा." पावणेदोनच्या आत परत आले. तेव्हा कुठं मी कार्ड दिलं. ते डबा तसाच ठेवून गाडीखाली शिरले.

तीनला कार्ड परत माझ्या टेबलावर आलं, गाडी धुवायला गेली, आणि गुरुजींचा आवाज चढला. "चार तास म्हणला व्हता ना तुम्ही? पाव्हणे दारात बसलेत माझ्या, अन् मी हितं बाकावर!" त्यांची बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. साहेब केबिनमधून बाहेर येताना दिसले. वेळेचा चौकोन अजून रिकामा होता. मी पेन घेतलं आणि लिहिलं — साडेअकरा.

"कुणाकडं होती गाडी?" साहेबांनी विचारलं.

"रफिककडं," मी म्हणालो. भाई म्हटलं नाही. आणि मग, कुणी काहीही विचारलेलं नसताना — "आज शुक्रवार आहे ना, सर."

बस. एवढंच. त्या वाक्यात खोटं काय होतं, सांग? शुक्रवार होताच. पुढचं साहेबांनी विचारलं नाही, गुरुजींनीही नाही. विचारणार नाहीत हे मला माहीत होतं. कोणत्या गोष्टीला आपल्याकडं पुरावा लागत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? त्यावरच तर मी पत्रकं लिहीत होतो.

दुसऱ्या दिवशी रफिकभाईंना आता कामावर येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. माझं पत्रक छापून आलं. लोकांना पहिली ओळ फार आवडली — 'आमचा वेळ कोण चोरतं, ते आम्हाला माहीत आहे.' मी पुढचे आठ महिने त्या कोपऱ्यात एकटाच डबा खाल्ला, मग नोकरी सोडली. लोकांना वाटलं, तत्त्वासाठी सोडली. मी वाटू दिलं.

गेल्या महिन्यात हर्सूलच्या रस्त्यावर मागून हाक आली, "ओ लेखक!" पत्र्याचं छोटं गॅरेज, पुढं एक जुनी जीप. रफिकभाई पार पिकलेत. मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला. दोन माणसांत एकच कप आला. जरा वेळानं म्हणाले, "साहेबानं कार्ड दाखवलं मला त्या दिवशी. साडेअकरा लिहिलेलं. नंतर त्यानंच टाकली असणार वेळ. मी म्हणलं, लेखकाला विचारा, वो झूठ नहीं बोलेगा. पूछा था क्या तुमको?"

पाना त्यांच्या हातात होता. ते माझ्याकडं बघत होते.

"नाही," मी म्हणालो. "विचारलंच नाही."

"वाटलंच मला," ते म्हणाले, आणि अर्धा चहा माझ्यासाठी बशीत ओतला.

मी प्यायलो.