तीन तुकडे, एक दाढ

सुपारी फोडताना माझी खालची दाढ फुटली आणि हिरडीत नुसता खुंट उरला. तो उपटायला पैलवान डॉक्टर लागणार, अशी माझी खात्री होती. समोर आली ती जेमतेम माझ्या खांद्याला लागेल एवढी मुलगी.

"काका, ओढली तर मोडेल," ती म्हणाली. "आधी दोन्ही मुळं कापून वेगळी करते, मग एकेक सोडवते."

बधिर जबड्यात ड्रिल घरघरलं. मी खुर्ची घट्ट धरून हिसक्याची वाट पाहत राहिलो. तो बसलाच नाही. एक मूळ अलगद सुटलं, मग दुसरं, शेवटी त्याचं मोडलेलं वाकडं टोक.

तिने तिन्ही तुकडे कापसावर चिमट्याने जुळवून पाहिले आणि लहान मुलीसारखी ओरडली, "आली! सगळी आली! आत काही राहिलं नाही."

अडलं की हिसका, ही माझी जन्माची रीत. त्यात झाकणं तुटली, माणसंही तुटली, आणि मुळं आतच ठणकत राहिली.

बाहेर बाकावर एक धिप्पाड गृहस्थ गाल धरून, भेदरून बसले होते. मला बोलता येत नव्हतं. मी तिने बांधून दिलेली तुकड्यांची पुडी उघडून त्यांना दाढ दाखवली, आणि आतल्या त्या एवढ्याशा डॉक्टरीणबाईंकडे बोट करून मूठ उंचावली.