छोटी ढाल नको

फोन आला तेव्हा चंद्रकलाबाई सावरगावच्या शाळेत खिचडीला फोडणी देत होती. सौंसरहून योगेश सर बोलत होते. त्याच शाळेतले मास्तर. त्यांनी मोबाइलवर सिनेमा काढला आणि ऐनवेळी नटी आली नाही म्हणून स्वयंपाकाच्या बाईलाच आईच्या भूमिकेत उभं केलं होतं. तो सिनेमा सौंसरच्या स्पर्धेला गेला होता.

"बाई, तुम्हाले ढाल भेटली."

"मोठी काय?"

"नाई. छोटी. विनोदी भूमिकेची."

तिने झारा खाली ठेवला. विनोदी? त्या सिनेमात तिचं पोरगं गावाजवळच्या जाम नदीत वाहून जातं. त्यात हसण्यासारखं काय होतं बावा?

आता या ढालीचं ऐका. केशवराव नावाच्या कापसाच्या व्यापाऱ्याने वडिलांच्या नावाने ती सुरू केली, नाटकं जोरात होती तेव्हा. गंभीर नाटकातल्या प्रमुख नटाला मोठी ढाल, हसवणाऱ्याला छोटी. नाटकं ओसरली, पोरं मोबाइलवर सिनेमे काढू लागली, तशी ढालही सिनेमाकडे आली. पहिली मोठी ढाल तहसीलातल्या एका शुद्ध बोलणाऱ्या बाबूने नेली. पुढे एका नटाने गड्याची भूमिका केली आणि बैलांना म्हणाला, "मी आपला आजन्म ऋणी आहे." त्यालाही मोठी. बैलांना काय कळलं, ते बैलच जाणोत! आणि जो कोणी आपल्या पांढुर्णा-सौंसरकडच्या बोलीत बोलला, त्याला छोटी, मग तो पडद्यावर मरेना का. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण मोडलाही कोणी नव्हता.

चंद्रकलाबाई दुसऱ्याच दिवशी परीक्षकांच्या घरी गेली. पुंडलिकराव, मराठीचे निवृत्त शिक्षक. माणूस वाईट नाही. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"सर, मी कुठं हसवलं?"

"बाई, अभिनय छान आहे. पण ते वाक्य. 'थो येऊन राह्यला, भाकर झाकून ठेव.' इतका करुण प्रसंग, आणि 'येऊन राह्यला'? आम्हा परीक्षकांना हसू आवरेना. 'तो येतो आहे' असं असतं तर काळजाला भिडलं असतं." मग ते जरा पुढे झुकले. "तेवढे संवाद शुद्ध भाषेत पुन्हा भरून द्या. मोठ्या ढालीचा विचार करतो. अजून वेळ आहे."

मोठी ढाल! तिला ती हवी होती, उगाच खोटं कशाला बोला? जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांची ताटं वाढणाऱ्या बाईला एकदा तरी लोकांनी टाळ्या वाजवाव्या असं वाटलं, तर त्यात काय गुन्हा?

तेवढ्यात पुंडलिकरावांनी आतल्या खोलीकडे मान वळवली. "अवो, चहा ठेवून राहिल्या का नाई?"

चंद्रकलाबाईला हसू आलं नाही, राग आला. "घरात तुमी बी तसंच बोलून राहिले, सर."

"घर वेगळं, कला वेगळी."

"थे वाक्य योगेश सरानं लिहेल नाई," ती म्हणाली. "माह्या मायचं हाय. माहा भाऊ पुरात गेला, तवा माय चुलीपाशी बसून हेच म्हने. थो येऊन राह्यला, भाकर झाकून ठेव. लोकं प्रेत घेऊन आले तरी म्हनतच होती. तिले कोन शुद्ध करून देईन?"

चहा आला, तो तिने घेतला नाही.

घरी नवरा शालिकराम म्हणाला, "भेटते ते घे ना. छोटी काय अन् मोठी काय, दोन्हीवर धूळच बसते."

"तुमाले नाई समजणार."

"मले समजते. म्हनून तं भेव वाटते. तू गप बसत नाई."

बरोबर बोलला बिचारा.

सौंसरच्या सभागृहात समारंभ झाला. सिनेमे आदल्या दिवशी याच लोकांनी पाहिले होते. विनोदी भूमिकेसाठी चंद्रकला गजभिये, असं नाव पुकारलं. ती वर गेली. पुंडलिकराव ढाल घेऊन पुढे आले, पण तिने हात पुढे केला तो माइककडे.

"काल माहा सिनेमा तुमी साऱ्याईनं पाह्यला. पोरगं गेलं तवा मी बोलली, त्यावर हसले कोन? हात वर करा."

पुढच्या रांगेत योगेश सर खुर्चीतून अर्धे उठले. मागून कोणीतरी खोकलं. एकही हात वर झाला नाही. एका म्हातारीने पदर डोळ्याला लावला.

चंद्रकलाबाई वळली. "सर, तुमी हसले होते ना? करा हात वर."

पुंडलिकरावांचे दोन्ही हात ढालीला होते. त्यांनी ती अजून घट्ट धरली आणि माइकपासून तोंड फिरवून हळूच म्हणाले, "बाई, ही नाकारली तर काहीच भेटणार नाई. मोठी तं नाईच नाई."

बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं, आपण कोणत्या भाषेत बोललो ते.

"नाई भेटली तं नाई," ती म्हणाली. "पन माहा भाऊ मेला अन् माय रडली, त्याच्यावर हसन्याचं बक्षीस मी घरी नेत नाई."

तिने माइक जाग्यावर ठेवला आणि पायऱ्या उतरली.