टक् न वाजलेला पाना

आमच्या गल्लीत अल्विन प्रॉसरला सगळे 'मास्तर' म्हणत, तेही टोमणा म्हणून. वेल्समधल्या आमच्या खोऱ्यात खाणी बंद पडल्यापासून जो तो आपली मोटरसायकल घरामागच्या शेडमध्ये स्वतःच खोलायचा. बोल्ट किती आवळायचा? हाताला 'पुरे' वाटेपर्यंत. एकट्या अल्विनकडे टॉर्क पाना होता. त्यावर जोराचा आकडा लावायचा, आणि तेवढा जोर पडला की पाना 'टक्' करायचा.

अल्विन पंपाच्या कारखान्यात तपासनीस होता. दर जानेवारीत तिथल्या यंत्रावर तो पाना तपासून आणायचा. त्याच्या बायकोचा, मेरियलचा, भाऊ ग्लिन दर गुरुवारी क्लबात त्याची टर उडवायचा.

"माझ्या बहिणीला जवळ घेतानाही हा आकडा लावत असेल!"

सगळे हसायचे. मीही. अल्विनही हसायचा, मान खाली घालून.

मग कारखाना बंद झाला आणि पाना तपासायची सोय गेली. त्याच वसंतात एकदा अल्विन घरी नसताना ग्लिन आला. त्याच्या व्हॅनच्या चाकाचा नट गंजून बसला होता. अल्विनच्या शेडमधला तो लांब दांड्याचा टॉर्क पाना त्यानं नटाला लावला, दांड्यावर दोन्ही पाय देऊन उभा राहिला आणि उड्या मारल्या. नट सुटला. पाना पुसून त्यानं परत डब्यात ठेवला. कोणाला काही बोलला नाही.

पंधरा दिवसांनी अल्विन आपल्या मोटरसायकलचा पुढचा ब्रेक बसवत होता. शेजारी म्हणून मी चहाचा मग घेऊन शेडच्या दारात बसलो होतो. त्यानं आकडा लावला, पाना ओढला. टक् नाही. आणखी ओढला. मग थांबला.

"इडवल, हात म्हणतोय, पुरे झालं."

"मग थांब की."

त्यानं पान्याकडे पाहिलं. "हात चुकतो रे. हा चुकत नाही."

त्यानं पुन्हा जोर लावला आणि शेवटी टक् वाजलं. दुसरा बोल्टही तसाच आवळला.

त्या रविवारी डोंगराच्या उतारावर त्यानं ब्रेक दाबला आणि त्या दोन बोल्टांचे ॲल्युमिनियममधले ताणलेले आटे सुटले. ब्रेक निखळून चाकात अडकला. अल्विन दगडी बांधावर जाऊन आदळला. उजव्या गुडघ्याचा चुरा झाला.

ग्लिन हॉस्पिटलात द्राक्षं घेऊन गेला. "तरी सांगत होतो तुला, हातावर विश्वास ठेव."

मी तेव्हा ग्लिनच्या डेपोत कामाला होतो. काम त्यानंच लावून दिलं होतं, आणि मी त्याच्याच व्हॅनमधून जायचो. एका सकाळी वाटेत त्यानं त्या गंजलेल्या नटाची गोष्ट मला हसत हसत सांगितली. काय बोलून गेलो हे त्याच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. संध्याकाळी मी अल्विनला सांगितलं.

त्यानं शहरात जाऊन पाना तपासून घेतला. लावलेल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट जोर पडल्यावर तो टक् करत होता.

मेरियल इस्त्री करत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. "त्यानं मुद्दाम केलं का? नाही ना? आणि तुझ्या हाताला कळलं होतं म्हणतोस, मग थांबला का नाहीस?"

गुडघ्यापेक्षा हा प्रश्नच अल्विनला जास्त लागला असावा.

गुरुवारी तो कुबड्या घेऊन क्लबात आला आणि सगळ्यांदेखत बोलला. ग्लिननं ग्लास खाली ठेवला.

"मी तुझ्या पान्याला हात लावला? कोण म्हणतं?"

"इडवल. तूच सांगितलंस त्याला."

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. ग्लिनचीही. त्या नजरेत राग नव्हता. नुसतं वाट पाहणं होतं.

"मला तसं काही आठवत नाही," मी म्हणालो.

कोणीतरी खिदळलं. "वा मास्तर! आपल्या चुकीचं खापर मेव्हण्यावर होय?"

अल्विननं ग्लिनकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मग कुबड्या काखेत घेतल्या. दार धरायला कोणी उठलं नाही.

याला अकरा वर्षं झाली. आमच्या घरांची भिंत एकच आहे. तो माझ्याशी बोलत नाही असं नाही. समोर आलो की म्हणतो, "आज गारठा आहे." मी म्हणतो, "हो, आहे खरा." तेवढंच.